आढीतलं अत्तर

मला अत्तराचा नाद आहे हे आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे, कारण ते लपवायची सोयच नाही. मी वळणावर दिसायच्या आधी माझं अत्तर चहाच्या टपरीवर पोचतं आणि टपरीवाला कप विसळायला घेतो. हा नाद मला चाळिशीनंतर लागला. त्याआधी मी तालुक्याच्या कचेरीतला साधा कारकून होतो. अजूनही तोच कारकून आहे, फक्त आता माझ्याकडे अर्ज घेऊन येणारी माणसं टेबलापासून जरा लांब उभी राहतात.

दुकानातली फवाऱ्याची बाटली मला चालत नाही. ती मारली की पहिली पाच मिनिटं आपण साहेब, आणि सहाव्या मिनिटाला पुन्हा कारकून. खरं अत्तर तेलात असतं. त्याचा थेंब मनगटावर घासायचा नाही, नुसता टेकवायचा, आणि मग दिवसभर तो काय काय करतो ते गुपचूप बघत बसायचं. शिवाय ते मुरावं लागतं. ताजं खस लावलं तर माणूस भिजलेल्या गोणपाटात गुंडाळल्यासारखा वाटतो. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा कचेरीच्या शिपायाने छप्पर कुठे गळतंय ते शोधायला शिडी आणली होती. तीच कुपी दोन वर्षं कपाटात ठेवली, आणि उन्हाळ्यात माठात वाळा टाकतात त्या पाण्याची चव नाकाला यायला लागली. शमामा म्हणून एक मसाल्याचं अत्तर असतं. ते नवं असताना लावणं म्हणजे गरम मसाल्याच्या डब्यात डोकं घालणं. तीन वर्षांनी मात्र ते इतकं निवतं, की आपल्या शेजारी कोणीतरी म्हातारा, श्रीमंत आणि कमी बोलणारा माणूस येऊन बसलाय असं वाटतं. केवडा मुरतच नाही. माझ्याकडची केवड्याची कुपी सहा वर्षांची आहे आणि अजून लग्नात माइक हातात धरलेल्या मामासारखी ओरडते.

माणसांनी मला पुष्कळ सहन केलं आहे, हे मान्य करतो. पौर्णिमेला विहारात वंदनेला गेलो की माझ्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी राहते. एकदा भन्तेजींनी श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मागून कोणीतरी हळूच म्हणालं की आज ते जमायचं नाही.

माझ्या संग्रहातला मानाचा तुरा म्हणजे सुरंगीचं अत्तर. ते पूर्णगडचे एक चाचा काढतात. चाचांचं घर किल्ल्याच्या खालच्या अंगाला. तरुणपणी ते मासेमारीच्या होडीवर होते. गुडघे गेल्यावर त्यांनी परसात तांब्याचं एक भांडं मांडलं आणि सुरंगीच्या, म्हणजे इकडे लग्नकार्यात बायका माळतात त्या फुलाच्या, दिवसांत पोरीबाळींकडून ओंजळी-ओंजळीने कळ्या घेऊन त्यांचा वास चंदनाच्या तेलात उतरवायला सुरुवात केली. वर्षाला जेमतेम दहा-बारा कुप्या निघतात आणि त्या कुणाला द्यायच्या हे चाचा ठरवतात. त्यांचं नवं अत्तर फार गोड असतं. मी एकदा तसंच लावून कचेरीत गेलो तर पाचव्या मिनिटाला खिडकीतून मधमाश्या आल्या. साहेब टेबलाखाली गेले आणि तिथूनच त्यांनी मला अर्ध्या दिवसाची रजा मंजूर केली.

चाचांना हे सांगितलं तर ते चिडले. म्हणाले, मुरू न देता लावलंत कशाला. दोन उन्हाळे उबेत ठेवायचं, अंधारात ठेवायचं, बूच अगदी घट्ट दाबायचं नाही, आणि सारखं उघडून बघायचं नाही. एवढं सांगून त्यांनी त्या वर्षी मला सहा कुप्या दिल्या. सहा कुप्या त्यांनी आजवर कुणाला दिल्या नव्हत्या. मी एस्टीत त्या मांडीवर धरून घरी आणल्या.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ताई माझी थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती माहेरी आली, मी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे पावसच्या रस्त्यावरच्या आमच्या घरात गेली कित्येक वर्षं आम्ही दोघंच आहोत. घरामागे हापूसची बावीस कलमं आहेत. मी पगार आणतो, पण घरातला खरा अधिकारी कोण हे आंब्याच्या दिवसांत कळतं. झाडावरून उतरलेला आंबा ताई माजघराशेजारच्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर थरांनी लावते. याला आढी म्हणतात. उबेला आंबा पिकत जातो आणि ताई एक दिवसाआड आढी उलटून एकेक फळ देठाशी हुंगते. ह्यो आज, ह्यो परवा, ह्यो शेजारणीला, ह्यो गुरांना. आतून खराब निघणारा आंबा, ज्याला आमच्याकडे साका झालेला म्हणतात, तो बाहेरून कुणालाच ओळखू येत नाही. ताई ओळखते. मुंबई-ठाण्याची पंधरा-वीस घरं वर्षानुवर्षं फक्त ताईच्या हातचा आंबा खातात, आणि त्यांना आंबा पोचतो तो ताईच्या नाकाखालून गेल्यावरच. ताईने आयुष्यात कसलाच तोरा मिरवला नाही, पण नाकाचा मिरवला. तिला तो शोभायचा.

ताई माझ्या अत्तराला सुरुवातीची दोन-तीन वर्षं नाक मुरडायची. मग ते बंद झालं. मला वाटलं तिला आवडायला लागलं.

तर सहा कुप्या, उबदार जागा, अंधार, आणि कोणी सारखं उघडून बघणार नाही. मी दोन दिवस घरभर फिरलो. कपाट थंड होतं. चुलीमागची जागा उबदार होती पण तिथे मांजर होतं. आणि तिसऱ्या दिवशी ताईने आढीच्या खोलीत पेंढा पसरला. आपल्या भागात ज्याला काहीही पिकवायचं असतं त्याच्या डोक्यात शेवटी एकच जागा येते. आंबा पिकतो, मग अत्तर का नाही, असा सरळ विचार मी केला, आणि ताई विहिरीवर गेलेली असताना भिंतीकडच्या बाजूला पेंढ्याच्या अगदी तळाशी सहा कुप्या पुरल्या. वर आंब्याचे चार थर लागले. आढी उलटताना तळाचा पेंढा कोणी हलवत नाही, हे मला माहीत होतं. मी स्वतःवर इतका खूश होतो की त्या दिवशी केवडा लावला.

एप्रिलच्या शेवटी पहिला फोन आला. दादरच्या एक बाई, ताईच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, आंबा कापला आणि घरात वरात आली. ताईला काही उमगेना. दुसऱ्या दिवशी ठाण्याहून फोन: नातू आमरस खात नाही, म्हणतो हा साबण आहे. संध्याकाळी डोंबिवलीचे एक गृहस्थ म्हणाले की असा आंबा आम्ही जन्मात खाल्ला नाही, आणखी दोन पेट्या याच झाडाच्या पाठवा. ताईला त्या दोघांपेक्षा ह्या स्तुतीचा जास्त धसका बसला.

ती आढीत गेली, आंबा उचलला, देठाशी नाक नेलं. पुन्हा नेलं. मग दुसरा उचलला. मला म्हणाली, मला वासच लागत नाय, तू हुंग. मी हुंगला. आंबा कुठेतरी लांब होता. पुढे सगळी सुरंगी. मी म्हटलं, मला आंब्याचं एवढं कळत नाही.

ही माझी पहिली लबाडी. ती कचेरीच्या सवयीने तोंडातून निघून गेली, पण निघाली खरी.

दुपारी ताई झोपल्यावर मी पेंढ्यात हात घातला. उन्हाने आणि आढीच्या उबेने तेल फुगलं होतं, सैल बुचं निघाली होती. सहापैकी चार कुप्या रिकाम्या. चाचांचं सगळं वर्ष पेंढा प्यायला होता आणि पेंढ्याने ते आंब्याला पाजलं होतं. उरलेल्या दोन मी सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि संध्याकाळपर्यंत कुठेही वाकलो नाही.

त्या रात्रीपासून ताई घरभर वास घेत फिरायला लागली. सुकटीचा डबा उघडून हुंगला: वास येतोय. रॉकेलची बाटली: येतोय. हिंग, फोडणी, मांजर, सगळं जिथल्या तिथे. म्हणजे नाक शाबूत होतं, आणि गेलं होतं ते नेमकं आंब्यापुरतं, असा तिने निष्कर्ष काढला. तिच्यासाठी याहून वाईट काही नव्हतं. रॉकेल ओळखून तिला काय करायचं होतं. दोन दिवस तिने तेच डबे पुन्हा पुन्हा हुंगले, आणि तिसऱ्या दिवशी तिने गावातल्या एका व्यापाऱ्याला निरोप धाडला. हा व्यापारी लोकांच्या बागा कराराने घेतो आणि आंबा कार्बाइडची पावडर मारून पिकवतो. वर्षानुवर्षं तो आमची कलमं मागत होता आणि ताई त्याला अंगणातसुद्धा बसू देत नव्हती. आता तिने त्याला पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी यायला सांगितलं. मला म्हणाली, "नाक गेल्यावर मी आंब्यात काय करू? लोकांना फसवू?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्याऐवजी म्हटलं, डॉक्टरला दाखवूया. माणूस एकदा डरपोक झाला की त्याला किती उपयोगी गोष्टी सुचतात.

रत्नागिरीत नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. धीर यावा म्हणून मी शमामा लावला होता, चार वर्षं मुरलेला. डॉक्टरांनी ताईच्या नाकात बॅटरी मारून बघितली, दोन्ही बाजू तपासल्या, सगळं ठीक म्हणाले, आणि सलग पाच शिंका दिल्या. मग रुमाल नाकाला लावून त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि ताईला विचारलं, यांचा वास येतोय का तुम्हाला?

ताईने माझ्याकडे वळून नीट हुंगलं. "कसला वास?" ती म्हणाली. "हा तर असाच असतो."

डॉक्टरांनी उठून खिडकी उघडली. म्हणाले, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर राहणाऱ्या माणसाला मासळीचा वास येत नाही, तसं झालंय. जो वास घरात बारा महिने असतो त्याची दखल घेणं नाक सोडून देतं. घर साफ करा, आठ दिवस यांना काही लावू देऊ नका, मग आंबा हुंगून बघा. सुधारलं तर ठीक. नाही सुधारलं तर वयाचा भाग समजायचा. फी मात्र त्यांनी एकाचीच घेतली.

परत येताना रिक्षा भाट्याच्या पुलावर आली तेव्हा मी सांगून टाकलं. खाली पाणी होतं, बाजूने उडी मारायची सोय होती, म्हणून तीच जागा बरी वाटली. मी सगळं सांगितलं: चाचा, ऊब, अंधार, पेंढा, सहा कुप्या. रिक्षावाल्याने आरसा नीट केला.

"माज्या आढीत?" ताईने विचारलं.

"तळाला," मी म्हटलं. जणू त्याने काही फरक पडत होता.

ताईच्या डोळ्यांना पाणी आलं. मला वाटलं रागाने. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हंजी आंब्यातच खोट होती. मी येडी नाय झाले." ती त्या आठ दिवसांत किती घाबरली होती हे मला तेव्हा कळलं आणि मला माझी भयंकर लाज वाटली. राग नंतर आला. पूल संपता संपता आला आणि घरापर्यंत टिकला. रिक्षावाल्यानेही मधेमधे तिला दुजोरा दिला.

पण व्यापाऱ्याला तिने नको म्हणून कळवलं नाही. मी सुचवलं तर म्हणाली, आधी नाक परत येऊ दे, मग काय ता बघू. रविवार आठ दिवसांवर होता.

घर धुणं सुरू झालं. माझे सदरे, उशा, चादरी, छत्रीसुद्धा, सगळं रिठ्याच्या पाण्यात उकळलं. कपाट उन्हात काढलं. माझा सगळा संग्रह एका पेटीत घालून मी पूर्णगडला चाचांकडे ठेवायला नेला. सुरंगीचं काय झालं ते ऐकून चाचांनी पेटी माझ्या हातातून ओढून घेतली आणि विचारलं, पण आंब्यात ते कसं उतरलंय? मी म्हटलं, डोंबिवलीला फार आवडलं. तेव्हा त्यांचा चेहरा जरा निवळला.

आढीचा पेंढा परसात जाळला. ती फार मोठी चूक होती. सुरंगीचा धूर वाडीभर गेला, पार हमरस्त्यापर्यंत, आणि तासाभरात चार बायका चांगली लुगडी नेसून विचारायला आल्या की साखरपुडा कुणाचा. ताईने चौघींना पुढ्यात बसवून, चहा देऊन, माझा सगळा पराक्रम पहिल्यापासून सांगितला. त्याशिवाय तिने गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले आणि प्रत्येक फोनच्या वेळी मला शेजारी उभं केलं. "माझ्या भावाने केलं," एवढं झालं की ती फोन माझ्याकडे द्यायची आणि मी माफी मागायचो. दादरच्या बाईंनी मला माझं वय विचारलं.

माझे स्वतःचे ते दिवस फार वाईट गेले. अत्तराशिवाय मला कपडे घातल्यासारखंच वाटेना. हात आपोआप मनगटाकडे जायचा आणि तिथे नुसतं मनगट असायचं. कचेरीत साहेबांनी काळजीने विचारलं की घरी सगळं ठीक ना. लोक टेबलाजवळ येऊन, चक्क टेबलावर कोपरं टेकून बोलायला लागले, आणि मला कळलं की त्यांना किती बोलायचं असतं. मांजर माझ्या मांडीवर येऊन बसलं. इतक्या वर्षांत ते कधी आलं नव्हतं. ताई रोज सकाळी उठून पहिल्यांदा रॉकेलची बाटली हुंगायची आणि मग तिचा धीर व्हायचा नाही, म्हणून आंब्याच्या खोलीकडे न बघता चुलीकडे जायची.

रविवारी व्यापारी सकाळीच आला आणि ओसरीवर चहा घेत बसला. नव्या पेंढ्यावर शेवटच्या तोडीचा आंबा तयार झाला होता. ताईने मला सांगितलं, फळं बाहेर मांड, आणि जुन्यापैकी एक कुठेतरी मधे घाल, मला सांगू नकोस. सुरंगी प्यायलेला एक आंबा फेकवला नाही म्हणून मी कागदात गुंडाळून गोठ्यात लपवला होता. तो मी रांगेत घातला. बावीस कलमं त्या एका आंब्यावर होती.

ताई पाटावर बसली. पहिला आंबा उचलला, देठाशी नाक नेलं, डोळे मिटले, खाली ठेवला. दुसरा, तिसरा, तेच. व्यापाऱ्याने कप खाली ठेवला. माझ्या मनात आलं, हिचं नाक परत नाही आलं तर मी पेटीभर कुप्या खाडीत फेकीन, आणि फेकून तरी काय होणार. चौथा तिने जरा जास्त वेळ धरला आणि व्यापाऱ्याच्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, ह्यो काप. त्याने कापला. आत साका होता. बाहेरून फळ सोन्यासारखं.

सुरंगीच्या आंब्यापर्यंत तर ती पोचलीच नाही. अजून दोन फळं मधे असतानाच तिने नाक दाबून धरलं आणि हात लांब करून तो रांगेतून उचलला. "ह्या घाणीत तू मला इतकी वर्सा ठेवलंस?" तिने विचारलं. मी आयुष्यात एवढा खूश कधी झालो नव्हतो.

व्यापारी समजूतदार होता. त्याने कराराचं काही काढलं नाही, कापलेल्या आंब्याच्या चांगल्या बाजूची एक फोड खाल्ली आणि गेला. ताईने त्याला पहिल्यांदाच अंगणाच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, पोचवलं.

मी पायरीवर बसलो होतो. सकाळपासून आंबे उचलून, गोठ्यात जाऊन येऊन घामाघूम झालो होतो. ताई परत आली ती माझ्याजवळून आत जाता जाता थांबली. नाक जरा वर केलं. मग माझ्या खांद्याशी वाकली आणि देठाशी हुंगते तसं हुंगलं. मला वाटलं, आता आंघोळीला धाडते.

"बाबांचा वास येतो तुज्या अंगाला," ती म्हणाली.

बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यांचा एकही सदरा घरात राहिलेला नाही. मी विचारलं, कसला वास?

"घामाचा. आंब्याच्या चिकाचा. आनि ता दुसरा काय असायचा, माज्या ध्यानात नाय येत, पण आहे." ती पुन्हा वाकली, पुन्हा हुंगलं. मग पायरीवर माझ्या शेजारी बसली, अगदी लागून. आत दूध उतू जात होतं, आणि तो वास तिला नक्की आला असणार. पण ती उठली नाही, आणि मीही हललो नाही.